चार चेंडूंची ओव्हर

लीड्सहून सुनंदाचा फोन आला होता. आमच्या ओळखीतली, माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी लहान. आधी हवापाण्याच्या गप्पा झाल्या, मग मुलांच्या, आणि मी फोन ठेवणार तेवढ्यात म्हणाली, "काकू, ह्यांना एमएस निघालंय, तो नसांचा आजार. काकांना होतं तेच. तुम्ही कसं हो काढलंत ते सगळं?"

मी म्हटलं, "काढलं म्हणजे काय, दिवस उजाडतो तसा मावळतो." फोन ठेवला आणि माझी मलाच लाज वाटली. एवढा धीर करून विचारते पोरगी, आणि मी तिला म्हण सांगितल्यासारखं काहीतरी सांगून मोकळी झाले.

म्हणून हे लिहायला बसलेय. माझं शिक्षण सातवीपर्यंत, वाईच्या शाळेत. पुढचं जे काय झालं ते कॉव्हेंट्रीत. इंग्रजी शिकले शाळेच्या किचनमध्ये, डिनर लेडीचं काम करता करता, तेव्हा ते कसं असेल ते समजून घ्या. औषधांबद्दल मी काही लिहिणार नाही. ती डॉक्टर सांगतात आणि दर दोन वर्षांनी बदलतात. मी एका दिवसाबद्दल लिहिणार आहे. क्रिकेटची मॅच बघायला गेलो होतो त्या दिवसाबद्दल. पण तिथपर्यंत यायला जरा मागून यावं लागेल.

उजवा पाय

आमचे हे म्हणजे श्रीधर. नाव घेऊन लिहायला लागले तर हात अडखळतो, म्हणून मी 'हे'च लिहिते. हे मोटारीचे पार्ट बनवणाऱ्या फॅक्टरीत ड्राफ्ट्समन होते. अक्षर असं की छापल्यासारखं. त्या अक्षरामुळेच फॅक्टरीच्या टीमने ह्यांना स्कोअरर केलं. खेळता काही येत नव्हतं हो, बॅट धरली तर धुपाटणं धरल्यासारखी धरायचे. पण चौदा वर्षं दर रविवारी मैदानाच्या कडेला टेबल टाकून स्कोअर लिहिला. एक चेंडू चुकला नाही. पेन्सिल ब्लेडने तासायची, खोडरबर रुमालात गुंडाळून न्यायचं, आणि ओव्हर चालू असताना जागचं हलायचं नाही. "स्कोअरर टी-टाइमलाच उठतो," असं म्हणायचे. शिंकसुद्धा ओव्हर संपल्यावर देत असतील.

आम्ही अडुसष्टला आलो. त्या पहिल्या उन्हाळ्यात मी मोठ्या हौसेने ह्यांना चहा द्यायला उठले, कप घेऊन चार पावलं चालले असेन, आणि हे सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडले, "खाली बस! ओव्हर चालू आहे!" मग घरी येऊन समजावून सांगितलं. बोलर ज्या बाजूने चेंडू टाकतो, त्याच्या पाठीमागे कुणी हललं तर बॅट्समनला चेंडू दिसत नाही. म्हणून तर तिथे तो मोठा पांढरा पडदा उभा करतात. पलीकडून ओव्हर चालू असली तर उठलेलं चालतं, आपल्या बाजूने असली तर गप बसायचं. सहा चेंडू. त्यात कुणी मरत नाही.

ही ओरड मी कधी विसरले नाही. का सांगतेय ते पुढे कळेल.

आजार उजव्या पायाने आत आला. आधी पायातली सपात निसटायला लागली. चालता चालता मागे राहायची, आणि ह्यांना पत्ता नसायचा. मग फुटपाथच्या कडेला ठेचकाळायला लागले. एकदा बसस्टॉपवर पडले तर एक बाई म्हणाली, भरदुपारी प्यायलाय मेला. ह्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. जीपी, म्हणजे आमचा नेहमीचा डॉक्टर, म्हणाला, थंडीने सांधे धरतात, वजन कमी करा. दीड वर्ष हे वजन कमी करत राहिले.

मग हात. मॅनेजरने एक ड्रॉइंग परत पाठवलं, रेघ हलली म्हणून. ते ड्रॉइंग हे घरी घेऊन आले आणि जेवायच्या टेबलावर उलटं ठेवलं.

निदानाचा दिवस

चौऱ्याऐंशीचा नोव्हेंबर. हॉस्पिटलमध्ये तीन दिवस ठेवून घेतलं होतं, पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. कन्सल्टंट आले ते पाच-सहा विद्यार्थी घेऊन. पडदे ओढले. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले, कारण सगळेच उभे होते. ते बोलले, विद्यार्थ्यांनी मान हलवली, आणि आमचे हे म्हणाले, "थँक यू व्हेरी मच." अगदी एखाद्याने बसमध्ये जागा दिल्यासारखं. दोन मिनिटांत पडदे परत उघडले. शेजारच्या बेडवरचा म्हातारा जेली खात होता.

मला शब्द सगळे कळले होते, पण त्यांची बेरीज होत नव्हती. मग अर्ध्या तासाने त्याच वॉर्डातला एक तरुण डॉक्टर एकटाच परत आला. पेंडसे म्हणून, नागपूरचा. ह्यांच्या बेडच्या कडेला बसला. तिथे तसं बसायची परवानगी नव्हती, पण बसला. म्हणाला, "काका, काकू, मी मराठीत सांगतो." मेंदूतून निघणाऱ्या नसांवरचं आवरण झिजतंय, म्हणाला. वायरीवरचं प्लास्टिक जातं तसं.

मी विचारलं, "मग बरं कधी वाटेल ह्यांना?"

तो आपल्या बुटांकडे बघायला लागला. मग म्हणाला, "काकू, सावकाश वाढत जाईल. किती सावकाश ते कुणीच सांगू शकत नाही."

इंग्रजीत ऐकलं तोवर ते हॉस्पिटलचं होतं. मराठीत ऐकल्यावर ते आमच्या घरचं झालं. त्या पोराने नंतर मशीनचे दोन चहा आणून दिले, आणि एवढी साखर घातली होती की चमचा उभा राहावा. अजून मी त्याला दुवा देते.

आयुर्वेदिक तेल आणि कोटांचा ढीग

भारतात कुणाला सांगायचं नाही, असं ह्यांनी ठरवलं. मोठ्या दिरांना मी लिहिलं, ह्यांचा गुडघा दुखतो. त्यांनी लगेच तेल पाठवलं, डबा पार्सलने, आतल्या तीन बाटल्यांपैकी एक फुटलेली. उरलेल्या दोन मी इमानाने ह्यांच्या गुडघ्याला चोळल्या. खोटं बोललं की ते निभवावं लागतं. पुढे काठी आली तसं मंडळात जाणं बंद झालं. गणपती नाही, दिवाळी नाही. कुणी फोन केला तर मी सांगायची, शिफ्ट बदललीय हो. नोकरी सुटून तेव्हा चार महिने झाले होते.

मग हॉस्पिटलातून व्हीलचेअर आली. ती ठेवली दारातल्या पॅसेजमध्ये. पहिल्या दिवशी मी तिच्यावर माझा कोट टाकला, मग लेकीने, मेधाने टाकला, आणि वर्षभर ती कोट ठेवायची खुर्ची झाली. हे बेडवरून सोफ्यावर माझ्या खांद्याला धरून यायचे. दोनदा पडले. दुसऱ्यांदा मी खाली आणि हे माझ्या अंगावर, आणि मी ओरडले, "मला मारून मोकळे व्हा एकदाचे!" असं बोलले मी. सुनंदा, तूही बोलशील. बोललीस तर स्वतःला फासावर लटकवू नकोस.

मेधा आमची एकुलती एक. तेव्हा एकोणीस वर्षांची, बर्मिंगहॅमला शिकत होती, शनिवार-रविवार घरी यायची. तिचं मराठी इथलंच. एका शनिवारी आली, स्वतःचा कोट खुर्चीवर टाकायला गेली आणि थांबली. म्हणाली, "आई, हा खुर्ची एक वर्ष घरात बसलाय. बाबा पण एक वर्ष घरात बसलाय. व्हॉट्स द पॉइंट?"

आतून हे म्हणाले, "खुर्ची बाईमाणूस आहे."

"मग तिला घेऊन जा ना बाहेर कुठंतरी, बाबा! टेक हर आउट!"

खूप दिवसांनी हे हसले. ते बघून मेधाला जोर आला. पुढच्या आठवड्यात ती काउंटी मॅचची दोन तिकिटं घेऊनच आली. तासाभराच्या रस्त्यावर ग्राउंड होतं. ह्यांनी तिकिटं हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "येतो. एकदाच. पण नाही जमलं तर परत मला कुणी बाहेर चल म्हणायचं नाही. दोघींनीही. कबूल?"

मेधा म्हणाली डील. मी मान डोलावली. सोफा, बेड आणि बाथरूम, एवढ्यात ह्यांचं उरलेलं आयुष्य जाणार की नाही, ते एका मॅचवर ठरणार होतं. आणि क्रिकेटमधलं मला काय कळत होतं? स्कोअर लिहिणं तेवढं ह्यांच्या शेजारी बसून बसून अंगवळणी पडलं होतं.

त्या दिवशीची पिशवी

सत्त्याऐंशीचा जून. जून म्हणायचा नुसता, मी आतून लोकरीचं घातलं होतं. आभाळ भांड्याच्या बुडासारखं. मी दोन पिशव्या भरल्या. एकीत थर्मास, थालीपीठं, शाल, ह्यांची स्कोअरची वही आणि तासलेल्या पेन्सिली. दुसरीत लघवीची बाटली, टॉवेल आणि एक जास्तीची पँट. ह्या आजारात, सुनंदा, लघवीला लागली की लागली. तिथून दोन-तीन मिनिटं मिळतात. हे तुला कुणी आधी सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

मेधाने कार आणली होती मैत्रिणीची. तिने आम्हाला गेटपाशी सोडलं. ती उन्हाळ्यात एका दुकानात काम करायची, तिकडे गेली. साडेपाचला येते म्हणाली.

दारावर एक म्हातारा स्टुअर्ड होता, ब्लेझर घातलेला, कानात कापूस. नाव ब्रायन. त्याने आमच्यापुढे चालत आम्हाला जागा दाखवली. आणि जागा कुठे? थेट पांढऱ्या पडद्याच्या शेजारी, दोरीला लागून. खुर्च्यांसाठी तेवढीच सपाट जागा होती.

हे मला म्हणाले, "अगं, ही तर ग्राउंडवरची सगळ्यात चांगली जागा. इथून चेंडू वळलेला दिसतो." चेहरा असा झाला की मला वाटलं, जिंकलं.

माणसं फार नव्हती. निवृत्त म्हातारे, गुडघ्यावर घोंगड्या, एक-दोन कुत्री. आमच्याकडे कुणी टक लावून बघितलं नाही. मी वही मांडीवर घेतली. हे सांगायचे, मी लिहायची. ह्यांची जीभ तेव्हा थोडी जड झाली होती, पण मला कळायचं. धाव नाही तर टिंब. नो-बॉल तर गोल. सहाच्या सहा टिंबं आली तर ती जोडून एम काढायचा.

"हे टिंब आहे की कुंकू?" हे म्हणाले. "जरा लहान काढ."

"तुम्ही काढा मग."

"मला आलं असतं तर तुझी मिनतवारी कशाला केली असती?"

असं चाललं होतं. तेवढे दोन तास आजारपणातले नव्हते. ते मी वेगळे काढून ठेवलेत.

लंचला मी शाल काढायला खाली वाकले तर एकच पिशवी. दुसरी मेधाच्या गाडीच्या डिकीत राहिली होती. ह्यांना विचारलं, "जाऊन यायचं का?" हे म्हणाले, "नको. स्कोअरर टी-टाइमला जातो." रंगात होते. मी पिशवीचं सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर हे त्या क्षणी आक्रसले असते, मला माहीत होतं. मी फक्त टॉयलेट कुठल्या बाजूला आहे ते मान वळवून बघून ठेवलं. खुर्चीचं चित्र असलेलं एक दार होतं, पॅव्हेलियनच्या मागे.

ओव्हर

लंचनंतर अर्ध्या-पाऊण तासाने असेल. आमच्या बाजूने नवी ओव्हर सुरू झाली. फास्ट बोलर, लांबलचक रनअप. पहिला चेंडू, टिंब. दुसऱ्यावर चौकार, चेंडू आमच्यापासून दहा हातांवर दोरीला लागला. मी चार लिहिले, आणि ह्यांनी खुर्चीच्या हातावर बोट आपटलं. दोनदा. ती आमची लघवीची खूण होती.

मी काय केलं ते लिहिते. आजवर मेधालाही असं सांगितलेलं नाही. मी म्हटलं, "ओव्हर संपू द्या."

वीस वर्षांपूर्वी माझ्यावर ओरडलेलं वाक्य आत कुठेतरी बसलं होतं, तेच बाहेर आलं. बोलर आमच्या बाजूचा, आम्ही पडद्याला चिकटून. आता खुर्ची हलवली तर सगळा खेळ थांबेल, सगळे आमच्याकडे बघतील, आणि हे बघणंच तर ह्यांना नको होतं. चारच तर चेंडू. पलीकडून ओव्हर सुरू झाली की निघू.

ह्यांनी मान हलवली. म्हणजे ह्यांनाही तेच वाटत होतं. आम्ही दोघंही शहाणे.

पुढचा नो-बॉल. मी गोल काढला. बोलर परत चालत गेला, पँटवर चेंडू घासत, जसा काही त्याला दिवसभर दुसरं काम नाही. पुढचा टिंब. त्याच्या पुढचाही टिंब. मग कॅप्टनने फील्डर हलवायला घेतले. तू जरा इकडे, तू जरा तिकडे. ह्यांचं बोट आपटायचं थांबलं होतं. मी वळून बघितलं तर ह्यांनी डोळे मिटले होते, आणि खुर्चीखालच्या गवतावर ठिबकत होतं.

मी उठले. वही पडली, पेन्सिल कुठे गेली कळलं नाही. ब्रेक काढला आणि खुर्ची वळवली, बोलर धावत येत असताना. बॅट्समनने हात वर केला आणि बाजूला झाला. बोलर मध्येच थांबला. अंपायर वळून आमच्याकडे बघायला लागला. मागून कुणीतरी ओरडलं, "सिट डाउन, वुमन!" मैदानावरची एकूण एक मान आमच्याकडे, आणि त्या सगळ्यांना ह्यांची पँट दिसत होती.

हे एकच वाक्य बोलले, मराठीत, हळू. "ओव्हर चालू आहे अगं."

ते खुर्चीचं चित्र असलेलं दार उघडलं तर आत घडीच्या खुर्च्यांची चळत, छतापर्यंत. अपंगांच्या टॉयलेटमध्ये सामान ठेवलेलं. मी ह्यांची व्हीलचेअर बाहेर उभी करून एकेक खुर्ची ओढून काढायला लागले, आणि रडायला लागले, आणि ब्रायन आला. ब्लेझर काढून खिळ्याला अडकवला आणि माझ्याबरोबर खुर्च्या काढल्या. मग स्वतःचा रेनकोट आणून दिला. "डोन्ट यू वरी, लव्ह," म्हणाला. "माझ्या मिसेसचंही शेवटी शेवटी असंच होतं." एवढं बोलून निघून गेला.

आत मी ह्यांना पुसलं, पेपर टॉवेलने. बदलायला काही नव्हतं. तेव्हा सांगावं लागलं की पिशवी गाडीत राहिलीय. हे भिंतीकडे बघत होते.

पॅव्हेलियनच्या मागे

परत पुढे जायला हे तयार नव्हते, आणि मेधा यायला अडीच-तीन तास होते. मग आम्ही पॅव्हेलियनच्या मागे बसलो, कचऱ्याच्या डब्यांपाशी, ह्यांच्या मांडीवर ब्रायनचा रेनकोट. तिथून मैदान दिसत नव्हतं. टाळ्या ऐकू यायच्या, मध्येच एक मोठी आरोळी. कोण आउट झालं कळत नव्हतं. मी थालीपीठ पुढे केलं, ह्यांनी तोंड फिरवलं. थर्मासमधला चहा मी गवतात ओतला, आणखी पाणी ह्यांच्या पोटात जाऊ नये म्हणून. आता वाटतं, निदान एक कप गरम चहा तरी द्यायचा.

अडीच-तीन तासांत आम्ही एक शब्द बोललो नाही. नवरा-बायकोचं भांडण मला ठाऊक होतं, अबोलाही ठाऊक होता. हे तसलं नव्हतं. हे असे बसले होते की जसे तिथे नाहीतच. ब्रायनने माझी वही आणून दिली, माती पुसून. मी ती पिशवीच्या तळाशी घातली.

मेधा नाचत आली, "सो? कोण जिंकला?" म्हणत. मग रेनकोट बघितला. मग डिकी उघडली आणि तिला पिशवी दिसली. तिथल्या तिथे कारला टेकून रडायला लागली, "सॉरी बाबा, सॉरी बाबा." पिशवी मी विसरले होते, ती नाही. गाडीत बसताना माझ्याकडे बघून फक्त म्हणाले, "कबूल केलं होतंत."

तासभराच्या रस्त्यात मी मनाशी पक्कं केलं. संपलं. आता हा माणूस दाराबाहेर पडणार तो चार खांद्यांवरच.

दोन टिंबं

घरी येऊन ह्यांना आंघोळ घातली. वरणभात भरवला, दोन घास खाल्ले. आठ वाजले असतील, बाहेर अजून लख्ख उजेड होता. मी भांडी घासत होते तर आतून हाक आली.

"वही आण."

मी हात पुसत वही नेली. पानं मी उलटायची, हे बघायचे. एका ठिकाणी म्हणाले, थांब.

"हे काय आहे?"

"काय?"

"ह्या ओव्हरमध्ये चारच बॉल आहेत. नो-बॉल सोडून चार. दोन कुठे गेले?"

मला असा संताप आला म्हणून सांगू! दिवसभराचं सगळं वर आलं. "मोरीत गेले!" मी ओरडले. "तुमच्याबरोबर संडासात होते मी, खुर्च्या उपसत! तिथून मला बॉल दिसत नव्हते!"

हे शांतपणे म्हणाले, "चौदा वर्षांत माझी एक ओव्हर अर्धवट राहिली नाही."

"मग दुसरी बायको बघा स्कोअर लिहायला."

"आता कोण देणार?" मग म्हणाले, "स्कोअररला मध्येच उठावं लागलं तर दुसऱ्याच्या वहीतून नंतर उतरवून घेतात. त्यांचा स्कोअरर असतो ना तिथे, त्याच्याकडून घ्यायचे. पुढच्या वेळी लक्षात ठेव."

पुढच्या वेळी. मी परत जाऊन नळ मोठा सोडला आणि घासलेलीच भांडी परत घासली.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी ग्राउंडला पत्र लिहायला लावलं. सांगितलं ह्यांनी, लिहिलं मी, माझ्या गिचमिड इंग्रजीत. पहिल्या परिच्छेदात, अमुक बोलरच्या अमुक ओव्हरचे शेवटचे दोन चेंडू कळवावेत. दुसऱ्यात, अपंगांच्या टॉयलेटमध्ये खुर्च्या ठेवू नयेत, खुर्च्यांना लघवी लागत नाही. हे दुसरं वाक्य मी दोनदा विचारून लिहिलं. हे म्हणाले, असंच लिही.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं, ब्रायनच्या हातचं. टॉयलेट रिकामं केलंय, आतून एक दांडाही बसवून घेतलाय. आणि ते दोन चेंडू असे: टिंब आणि टिंब. काहीही झालं नाही.

मी पेन्सिल घेतली. हे म्हणाले, "मला दे."

तेव्हा ह्यांना चमचासुद्धा धरता येत नव्हता. मी पेन्सिल बोटांत अडकवली आणि वरून मूठ धरायला गेले, तर म्हणाले, सोड. वही उशीवर तिरकी धरून मी उभी. किती वेळ लागला माहीत नाही, माझे हात भरून आले. पहिलं टिंब चौकटीच्या रेघेवर पडलं. दुसरं आत. कागदाला थोडं भोक पडलं.

पुढच्या मोसमाचं कार्ड आलं तेव्हा ह्यांनी त्यातल्या तीन मॅचवर माझ्याकडून खुणा करून घेतल्या. पण फेब्रुवारीत छातीत कफ झाला, हॉस्पिटलात नेलं, आणि बारा दिवसांनी हे गेले. वॉर्ड तोच होता. पेंडसे डॉक्टर तिथून कधीच बदलून गेले होते. ज्या मॅचवर पहिली खूण होती, त्या दिवशी मी शाळेच्या किचनमध्ये बटाटे सोलत होते. तीन वाजेपर्यंत सोलले.

सुनंदा, हे वाचून तुला धीर येईल की नाही, मला ठाऊक नाही. दिरांना मी गुडघ्याचं लिहिलं होतं, मग एकदम गेल्याची तार केली. ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, आणि बरोबर आहे त्यांचं. तू तसं करू नकोस. सांग सगळ्यांना. पिशवी एकच भर आणि ती स्वतःच्या खांद्याला लाव.

आणि त्याने बोट आपटलं की ऊठ. कुठेही असलीस, लग्नात, देवळात, मोठ्या साहेबासमोर, ऊठ. खेळ थांबेल, लोक बघतील, कुणीतरी ओरडेलही. बघू देत. खेळ मिनिटभरात परत सुरू होतो, कुणासाठी थांबून राहत नाही. त्या दिवशीही झालाच होता, आम्ही आत असताना. ते दोन चेंडू आमच्या वहीत आहेत. ह्यांच्या हातचं ते शेवटचं लिहिणं.